अंगणातली परकी मोटार

दुसऱ्याचे जनावर आपल्या पिकात शिरले तर काय करायचे, हे शेतकऱ्याच्या घरात पोराटोरांनाही ठाऊक असते. आधी हाकलून बघायचे. ओळखीचे असेल तर मालकाच्या दारात नेऊन चार शब्द सुनवायचे. आणि ओळखीचे नसेल तर कोंडवाड्यात घालायचे. इंग्रजांनी १८७१ साली जनावरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला, त्यात हे सगळे बारकाईने लिहून ठेवलेले आहे. पीक खाणारे जनावर धरावे आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्याकडे पाठवावे. मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यावे. सात दिवसांत कुणी फिरकले नाही तर पोलिसांना कळवायचे, मग नोटीस लावायची, जनावर धरले त्या गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची, आणखी सात दिवस वाट बघायची आणि मग जाहीर लिलाव. त्या दंडाला आपल्या आजा-पणजाने पुष्कळ शिव्या घातल्या असतील, पण व्यवस्था पक्की होती. धरणाऱ्यावर चोरीचा आळ नाही, मालकाला जनावर कुठे आहे त्याचा पत्ता, आणि मुक्या जीवाच्या पोटाला चारा.

आता त्या बैलाच्या जागी मोटार समजा. सकाळी तुम्ही उठून दार उघडता आणि तुमच्या अंगणात, खळ्यात किंवा बांधाच्या आत एक अनोळखी गाडी उभी. काचा वर, दारे बंद, माणूस नाही. ही हाकलता येत नाही, हिला वेसण नाही, आणि हिच्यासाठी कोंडवाडाही नाही. काय कराल?

तुम्ही म्हणाल, आमच्या गावाला हे कुठले आले, ही शहरातली भानगड. तसे समजू नका, वाचकहो. नदीकाठच्या गावांना विचारा. रात्री तहसीलदारांचे पथक आले की वाळूचा टिप्पर मिळेल त्या शेतात घालून चालक अंधारात पसार होतो, आणि सकाळी पंचनाम्याच्या वेळी शेतकऱ्याला विचारतात की तुमच्या गटात ही गाडी आली कशी? उसाच्या हंगामात नादुरुस्त ट्रॉली महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या वावरात पडून राहते. हमरस्त्याला लागून ज्यांची घरे आहेत त्यांना तर हा अनुभव आज ना उद्या येणारच. आमच्या ताईला आला तो मात्र मुंबईतच, कांजूरमार्गला. तोच सविस्तर सांगतो.

माझी थोरली बहीण कांजूर गावात दिलेली आहे. आम्ही अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातले, भाताच्या खाचरांचे आणि खाऱ्या बांधांचे लोक. पूर्वी कांजूर-भांडुपची मंडळीही तशीच, थोडे भात, थोडी मासळी आणि पूर्वेला खाडीपर्यंत पसरलेली मिठागरे. त्यामुळे सोयरीक सहज जमली. आता तिथे भाताचा दाणा पिकत नाही. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला पूर्व द्रुतगती महामार्ग, आणि मधोमध हे जुने गावठाण इमारतींच्या गराड्यात सापडलेले. पण ताईच्या घरापुढे अजून अंगण आहे. एक फणस, एक कठडा बांधलेली विहीर, तुळस, आणि लग्नाचा मांडव सहज पडेल एवढी मोकळी जागा. कुंपण एका बाजूने पडलेले, फाटक तर दाजींच्या हयातीतच मोडले होते.

मुंबईत एवढे अंगण म्हणजे काय, हे गावाकडे बसून लक्षात येत नाही. याच कांजूरच्या मिठागरांच्या जमिनीवर मेट्रोची कारशेड करायचे २०२० साली ठरले, तर जमीन राज्याची की केंद्राची यावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि त्या डिसेंबरात कामाला स्थगिती मिळाली. सरकारांची ही गत, मग एकट्या विधवा बाईने आपल्या चार गुंठ्यांना किती जपावे? दाजी जाऊन दोन वर्षे झाली होती आणि मिळकत पत्रिकेवर वारसांची नावे अजून लागायची होती. एक जमिनीचा दलाल अधूनमधून येऊन चहा पिऊन जायचा. जाताना अंगणाकडे असा बघायचा की ताईला त्याची नजर मोजपट्टीसारखी वाटे.

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. मुंबईचे लोकसभेचे मतदान २९ एप्रिलला होऊन गेले होते, निकाल लागायचा होता. भाच्याचे लग्न महिनाअखेरीस धरलेले. अक्षय तृतीयेच्या तीन दिवस आधी, शनिवारी पहाटे ताई पाण्याला उठली, तर विहीर आणि फणस यांच्या मधोमध एक पांढरी मारुती ओम्नी उभी. नेमकी जिथे मांडवाच्या खांबांचे खड्डे घ्यायचे तिथे. मागच्या काचांना आतून पडदे, पुढे आरशाला लिंबू-मिरची, चालकाच्या जागेवर एक गमछा.

पहिल्या दिवशी तिने जे करायचे ते केले. शेजारीपाजारी विचारले, देवळात विचारले, पलीकडच्या इमारतीच्या पहारेकऱ्याला विचारले, कुणाकडे रात्री पाहुणे आले होते का ते बघितले. कुणालाच काही माहीत नव्हते. नंबर एमएच १४, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयातला, तिकडचाच उत्तर पुणे जिल्हाही त्यात येतो. मोबाइलवर गाडीचा नंबर घातला तर सरकारी अ‍ॅपवर मालकाचे नाव अर्धेमुर्धे झाकलेले दिसते, पत्ता आणि फोन तर नाहीच. मोटार पेट्रोलची, नोंदणी २००६ ची, एवढे कळले. त्यावर माणूस शोधता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सल्ले सुरू झाले. सल्ल्याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे तो मुबलक असतो. एक म्हणाला, चारी चाकांची हवा सोडा. दुसरा म्हणाला, पाच पोरे लावून ढकलत नेऊन रस्त्यावर सोडू, मग महापालिका बघून घेईल. भंगारवाला येऊन गेला आणि कागदपत्रे नसली तरी चालतील, रोख देतो, म्हणाला. आणि संध्याकाळी तो दलाल आला. तो मात्र वेगळेच बोलला. "असू दे की गाडी, मावशी. उभीच तर आहे. काय बिघडतं?"

त्या वाक्याने ताईची झोप उडाली. भंगारवाला काय आणि हवा सोडणारा काय, त्यांचे बोलणे तिला कळत होते. पण हिला राहू द्या म्हणणाऱ्याचा काय स्वार्थ? तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. बांध कोरणारा एका रात्रीत गट गिळत नाही. दर नांगरटीला एक तास, दर नांगरटीला एक तास. आज मोटार, उद्या तिच्यावर ताडपत्री, परवा ताडपत्रीला चार बांबू, आणि मग कुणीतरी म्हणायचे की इथे आमची वहिवाट आहे. एक गाडी उभी राहिली म्हणून जमीन जात नाही हे खरे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे उघड आणि मालकाविरुद्धचा ताबा सलग बारा वर्षे असावा लागतो. पण बारा वर्षांची सुरुवात कुठल्यातरी पहिल्या दिवसापासूनच होते, आणि त्या दिवशी मालक काय करत होता हे कागदावर असले तर पुढचे सगळे सोपे जाते.

त्या रात्री तिने मला फोन केला. "भाऊ, तू ये. तांदूळ मागाहून येऊ देत." सोमवारी सकाळच्या एसटीने मी ठाण्याला उतरलो आणि दुपारी कांजूरला पोचलो.

मी गेल्यावर आम्ही पहिल्यांदा अर्ज लिहिला. साधा, एका पानाचा. अमुक तारखेला पहाटे आमच्या खासगी अंगणात अमुक नंबरची गाडी आम्हाला न विचारता कुणीतरी उभी करून गेले आहे, आम्ही तिला हात लावलेला नाही, मालकाचा तपास करून ती हलवावी. दोन प्रती, सोबत गाडीचे चारी बाजूंचे फोटो, मागे घर आणि विहीर दिसेल असे. तो घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे कुठले ते सांगत नाही. मतदानाच्या बंदोबस्ताने लोक थकलेले होते, मोजणीचा बंदोबस्त पुढे होता. तिथले साहेब म्हणाले, खासगी जागा आहे ना, मग तुमचे तुम्ही बघा. तिथून महापालिकेच्या विभाग कार्यालयात गेलो. ते म्हणाले, रस्त्यावर असती तर आम्ही नोटीस चिकटवून उचलली असती, कुंपणाच्या आत आम्ही येत नाही.

ऐकायला हे उडवाउडवीचे वाटते, आणि पोलिसांचे बोलणे उडवाउडवीचेच होते. महापालिकेचे मात्र खरे आहे. बेवारस वाहनांवरची तिची मोहीम ही रस्ते मोकळे करण्यासाठी असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही १२७ वे कलम आहे, दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी ओढून न्यायला लावू शकतो, पण तेही सार्वजनिक जागेपुरतेच. तुमच्या उंबऱ्याच्या आत ते पोचत नाही. म्हणून तर म्हटले, मोटारीला कोंडवाडा नाही.

पण पोलिसांची जबाबदारी त्याने संपत नाही. बेवारशी माल ताब्यात घेण्याचे काम १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात त्यांच्यावर टाकलेले आहे. मालक अज्ञात असेल तर दंडाधिकारी जाहीर नोटीस काढतात आणि हक्क सांगायला सहा महिन्यांची मुदत देतात. फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या संहितेत हे ४५७ व्या कलमात होते, १ जुलै २०२४ पासून जी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्यात ५०३ व्या कलमात आहे. दवंडीचे सात दिवस आणि हे सहा महिने, चाल तीच. तेव्हा अर्ज घेणार नाही असे कुणी म्हटले तरी तुम्ही म्हणायचे, नका कारवाई करू, पण आवक शिक्का मारून पोहोच द्या. ताईने ते बरोबर केले. तलाठ्याच्या कार्यालयात जिचे आयुष्य गेले आहे तिला पोहोचेची किंमत शिकवावी लागत नाही. ती बाकावर बसून राहिली. दीड तासाने शिक्का मिळाला. टपालाने पाठवायचा असेल तर रजिस्टर करून पोचपावती जपून ठेवावी.

भंगारवाल्याचे काय, हेही सांगतो, कारण गावाकडे हाच मोह जास्त. सापडलेली वस्तू आपली झाली अशी एक समजूत आहे, ती साफ चुकीची. सापडलेली वस्तू सांभाळण्यासाठी किंवा मालकाला देण्यासाठी घेतली तर गुन्हा होत नाही. पण मालक शोधण्याचा प्रयत्न न करता, पुरेसा वेळ वाट न पाहता ती आपली म्हणून वापरली किंवा विकली तर ती अपहाराची फौजदारी. आजच्या न्याय संहितेचे ३१४ वे कलम, कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे कैद, शिवाय दंड. आणि गाडी ही काही पडलेली आठ आण्याची नाणी नव्हे. तिच्या अंगावर नंबर आहे, चॅसीवर नंबर आहे, इंजिनावर नंबर आहे. मालक शोधता येत नव्हता असे कोर्टात म्हणायची सोयच नाही.

ढकलून रस्त्यावर नेण्याचे म्हणाल, तर तेही पोलिसांना कळवण्याआधी करू नये. आत काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले त्या दिवशी वरळीला एक मारुती व्हॅन सोडून दिलेली सापडली. आत रायफली आणि हातबॉम्ब होते. त्या गाडीच्या नंबरावरून पोलीस माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत पोचले, आणि सगळ्या कटाचा धागा हाती आला. ती गाडी कुणी आधी हलवली असती, धुतली असती, तर? आणि कांजूरच्या शेजारचीच गोष्ट घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये पूर्व द्रुतगती महामार्गावर बिघडली म्हणून सोडलेली एक स्कॉर्पिओ नाहीशी झाली. विक्रोळी पोलीस ठाण्यात तक्रार झाली. आठवड्याने, २५ फेब्रुवारीला, ती दक्षिण मुंबईत एका मोठ्या उद्योगपतीच्या घराजवळ जिलेटिनच्या कांड्यांसह सापडली. त्या प्रकरणात आमच्या विषयाला लागू असलेली बाब एवढीच की गाडीच्या कागदावर नाव एकाचे होते आणि ताबा दुसऱ्याचा. हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

तर, मंगळवारी अक्षय तृतीया. त्या दिवशी सकाळी वास आला.

मे महिन्यातले मुंबईचे ऊन, बंद काचा. आधी वाटले गटार असेल. दुपारी माशा घोंगावू लागल्या. संध्याकाळी भाचा धावत आत आला, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. गाडीच्या मागच्या दाराच्या फटीतून लालसर पाणी ठिबकत होते. खाली मातीत तळहाताएवढा ओला डाग.

वाचकहो, त्या घरात पंधरवड्याने हळद लागायची होती. जुनी माणसे काय काय बोलली ते लिहीत नाही. ताई तुळशीजवळ बसून राहिली आणि एवढेच म्हणाली, "याच्या आईला कुणी कळवलं असेल का रे?" गाडीत कोण आहे, आहे की नाही, काही ठाऊक नाही, आणि हिला त्याच्या आईची काळजी. मी गाडीकडे जाऊ दिले नाही कुणाला. पोलिसांच्या शंभर नंबरला फोन लावला. आता तो नंबर ११२ आहे. अर्ज दिल्याची तारीख आणि शिक्का सांगितला. सोमवारी जे येऊ शकत नव्हते ते अर्ध्या तासात आले.

दोन पंच बोलावले, बॅटरीच्या उजेडात मागचे दार उघडले. आत टोमॅटो.

चौदा क्रेट टोमॅटो, तीन दिवस शिजून, फुटून, गळून पडलेले. क्षणभर कुणी बोलले नाही, मग हवालदाराने नाकावरचा रुमाल काढून खो खो हसायला सुरुवात केली आणि सगळे अंगण हसत सुटले. मला मात्र हसू आले नाही, आणि तुम्हालाही फारसे येणार नाही. चौदा क्रेट माल बाजाराच्या वाटेवर टाकून शेतकरी किंवा व्यापारी असा उठून जात नाही. त्या क्रेटमागे काहीतरी झाले आहे हे त्या अंगणात मला आणि ताईला एकाच वेळी कळले.

पंचनाम्यात सगळे लिहिले. क्रेट किती, गमछा एक, पाण्याची बाटली, डॅशबोर्डमध्ये गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि वजनाच्या चिठ्ठ्या. गाडी चोरीची नोंदलेली नव्हती. पोलिसांना नंबरावरून पूर्ण नाव-पत्ता मिळतो, तो जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा निघाला. रात्री दहाला त्याला फोन गेला. मुंबईच्या पोलिसांचा फोन, तुमची गाडी बेवारस सापडली आहे, आत लाल पाणी, असे म्हटल्यावर त्या माणसाचे काय झाले असेल! तो म्हणाला, साहेब, ती गाडी मी तीन वर्षांपूर्वीच विकली. शंभराच्या स्टँपवर लिहून दिली, पैसे घेतले, विषय संपला.

विषय संपत नाही. हे तुम्ही नीट वाचा, कारण आपल्यापैकी अर्ध्याअधिक जणांनी जीप, मोटारसायकल, ट्रॅक्टर असाच विकलेला आहे. आर.टी.ओ.च्या दफ्तरी जोवर तुमचे नाव आहे तोवर मालक तुम्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका अपघाताच्या प्रकरणात हेच सांगितले: गाडी हातोहात पुढे विकली गेलेली असली तरी नोंदणीवर ज्याचे नाव, भरपाईला तोच जबाबदार. कायदा असा की विकणाऱ्याने चौदा दिवसांत हस्तांतर कळवावे, घेणाऱ्याने तीस दिवसांत. नमुना २९ आणि ३० अशी त्याची कागदे. गाडी परराज्यात गेली तर विकणाऱ्याला पंचेचाळीस दिवस. त्या जुन्नरच्या माणसाचे नशीब एवढेच की घेणाऱ्याचा फोन नंबर त्याने घराच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला होता, आणि दिवाळीत घर रंगवताना तेवढा भाग बायकोने रंगवू दिला नव्हता.

घेणारा ओतूरकडचा. माल भरून माळशेज घाटाने कल्याण-ठाण्याकडे यायचा आणि मुंबईत किरकोळ विक्रेत्यांना पोचवायचा. त्या पहाटे तीनच्या सुमारास महामार्गावर त्याच्या छातीत कळ आली. हात जड झाला. पहिले वळण दिसले तिथे आत घुसला, पहिली मोकळी जागा दिसली तिथे गाडी घातली, कुलूप लावले, आणि रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. रिक्षातच तो बेशुद्ध पडला. रिक्षावाल्याने त्याला रुग्णालयात पोचवले म्हणून तो वाचला. त्या धांदलीत फोन कुठे पडला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर बायकोला म्हणाला, गाडी. कुठे आहे? तर त्याला एकच आठवत होते, फणस होता.

ती बाई दोन दिवस मुलुंडपासून विक्रोळीपर्यंत महामार्गाच्या कडेने फणस शोधत हिंडत होती. सकाळी रुग्णालयात नवऱ्याला चहा पाजायचा आणि निघायचे. त्या गाडीवर सोसायटीचे कर्ज होते, आणि क्रेट सगळे उधारीचे. बुधवारी दुपारी जुन्नरच्या माणसाकडून, मग भावकीतून असा फिरत फिरत तिला निरोप लागला आणि ती कांजूरच्या अंगणात येऊन उभी राहिली. किल्ली पदराच्या गाठीला बांधलेली. गाडी दिसल्यावर ती आधी गाडीकडे गेलीच नाही. फणसाच्या बुंध्याला हात लावून उभी राहिली.

रविवारी भंगारवाल्याने जी रक्कम सांगितली होती, ती मी त्या बाईसमोर कधीच उच्चारली नाही.

आता हिशेब. माल उपसायला दोन मजूर लागले होते, फिनेल, चुना, पाण्याचे पिंप, सगळे मिळून सहाशे चाळीस रुपये. तुम्ही म्हणाल अशा वेळी काय पैसे मागायचे. ताईने मागितले, आणि मला ते पटले. १८७२ च्या कराराच्या कायद्यातही सापडलेली वस्तू सांभाळणाऱ्याला झालेला खर्च मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याची मुभा आहे, पण ताईला ते कलम माहीत नव्हते. तिचे साधे म्हणणे होते की त्या बाईला उपकाराखाली घालायचे नाही. बाईने पैसे मोजून दिले, मग अंगण स्वतः झाडून सारवून दिले, आणि त्यानंतर दोघी चुलीपाशी दोन तास बोलत बसल्या. चौदा क्रेट धुऊन फणसाखाली उपडे घातले होते. हळदीच्या दिवशी नारळ ठेवायला त्यातले सहा क्रेट ताईने मागून घेतले आणि लग्नानंतर ओतूरला पोचते केले.

दलाल गुरुवारी आला. अंगण रिकामे, मांडवाचे खड्डे खणलेले. ताईने त्याला चहा दिला आणि पंचनाम्याची नक्कल दाखवली, तारीख, शिक्का, जागेच्या चतुःसीमा, आणि 'अर्जदाराच्या मालकीच्या व ताब्यातील अंगणात' हे शब्द. पोलिसांनी सहज लिहिलेले ते शब्द तिने खाली पेन्सिलीने अधोरेखित केले होते. लग्न उरकल्यावर जूनमध्ये तिने वारसनोंदीचा अर्ज केला, तेव्हाही ती नक्कल जोडली. फाटक मात्र लग्नाच्या आधीच बसले. लोखंडी नाही, दोन खांब आणि मधे साखळी. रात्री लावायची. कुणाला खरोखरच आत यावे लागले तर हाक मारता यावी म्हणून खांबावर एक घंटाही टांगली आहे.

राहिला तो जुन्नरचा. शुक्रवारी सकाळी तो पहाटेची गाडी पकडून थेट कांजूरला हजर. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना २९ आणि ३०, दोन-दोन प्रती, स्वतःचे फोटो, आधारच्या नकला, जुना स्टँप, आणि शाईचा पॅड. ताईने बसा म्हटले तर बसेना, लाडू पुढे केले तर घेईना. म्हणाला, "वहिनी, आधी रुग्णालय दाखवा. त्याची सही झाल्याशिवाय माझ्या घशाखाली पाणी उतरायचं नाही." मी त्याला घेऊन गेलो. खाटेवरच्या माणसाच्या छातीला तारा लावलेल्या होत्या. हा उशाशी उभा राहून प्रकृतीची चौकशी करत होता आणि पिशवीतून हळूच कागद काढत होता. नर्स रागावली. रोग्याने मात्र हसून उजवा हात पुढे केला, सगळ्या पानांवर सह्या केल्या, आणि खाली तारीख घालायला विसरला होता ती जुन्नरकराने त्याच्याकडून पुन्हा घालून घेतली. परत येताना स्टेशनाबाहेर त्याने स्वतःच्या पैशाने दोन वडापाव घेतले, एक मला दिला, आणि दुसरा खाऊन झाल्यावर म्हणाला, "घरी अजून एक बजाज आहे, मेव्हण्याला दिलेली. ती पण उद्याच करून टाकतो."